गायरानातली आठवी गाय

१

रोहीतळा तांड्याच्या समाजभवनात समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे. हिरवं गायरान, मधून वाहणारी नदी आणि चरणाऱ्या सात गाई. रविवारी सकाळी सभेसाठी भवनाचं कुलूप काढलं, तेव्हा त्या गाई आठ झाल्या होत्या.

आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सतरंज्या पसरल्या, चहाची किटली फिरली, नळयोजनेवरून दोघं जण भांडूनही झाले. ध्यानात आलं ते रूपसिंग नायकाच्या. तांड्याचा हा म्हातारा नायक सभेत कंटाळा आला की चित्रातल्या गाई मोजायचा. त्या दिवशी त्याने तीनदा मोजल्या. मग काठी टेकत उठला आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "हे कोणं आणून बांधली इथं?"

तासाभराने दारव्ह्यात बबिता राठोडचा फोन वाजला.

बबिता याच तांड्याची लेक. आधी ढाणकीला आणि मग दारव्ह्याला शाळेत चित्रकला शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. ज्या इकबाल पेंटरने हे चित्र काढलं, त्याच्याच दुकानाच्या पायरीवर बसून ती लहानपणी ब्रश धरायला शिकली होती. इकबालभाईला जाऊन पन्नास दिवस होत आले होते.

"बबिता, चित्रात एक गाय वाढली," नायक म्हणाला.

"नायक, वाढू द्या की. दूध होईल."

"हासू नको, बाई. जीवन ठाण्यात जातो म्हणून राह्यला. म्हणते, इकबालच्या पोरानंच केलं. मोईननं. शुक्रवारी तो पायरीवर बसलेला लोकाइनं पायला. मंगळवारी बाजाराले दारव्ह्याले जाईन तवा तक्रार देतो म्हणते. तू एकडाव पाहून घे. त्या चित्रातलं तुलेच समजते."

त्या चित्रातलं तुलाच समजतं. बबिताला ते ऐकून बरं वाटलं. नंतर तिला या बरं वाटण्याचीही लाज वाटणार होती.

दुपारी ती जीपने तांड्यावर पोहोचली, चष्मा पुसून चित्रासमोर उभी राहिली. गाय बेढब होती. मान आखूड, पाय काड्यांसारखे. काढणाऱ्याला चित्रकला येत नव्हती, हे उघड होतं. पण गाय कुठे उभी करायची, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

२

चित्र आठ फूट रुंद, पाच फूट उंच, प्लायवूडवर ऑइलपेंटने काढलेलं. वीस वर्षांपूर्वी भवन बांधलं तेव्हा इकबालभाईने ते तांड्याला भेट दिलं होतं. खरं गायरान असं कुठेच नसतं. टेकड्या लाडवांसारख्या गोल, झाडं उघडलेल्या छत्रीसारखी, नदी रिबिनीसारखी वळत गेलेली. उजवीकडे एका झाडाखाली गुराखी, अर्धवट उठलेला, एक पाय पुढे, हात वर. नदीच्या मधोमध एक छोटा लाल ठिपका.

शेजारी काचेच्या चौकटीत टाइप केलेला एक कागद होता. उद्घाटनाच्या दिवशी बबिताने छडी घेऊन या चित्राचा अर्थ लोकांना समजावून सांगितला होता. लोकांना तो इतका आवडला की त्यांनी मढवून घेतला. तिने आज तो परक्याचा असल्यासारखा वाचला. 'हे चित्र आनंदाचे आहे. गोल रेषा मनाला विसावा देतात. गुराखी हर्षाने जणू नाचू लागला आहे. नदीत एक कमळ फुलले आहे.'

"झालं का वाचून?" मागून जीवन चव्हाण म्हणाला. जीवन तांड्याचा उपसरपंच, तिशीतला, तापट पण मनाने वाईट नव्हे. "मॅडम, यात पाहाचं काय आहे? रंगाचं दुकान कोणाचं? मोईनचं. शुक्रवारी आला, म्हणे बापाच्या चित्राचा फोटो पायजे, मोठा फलक करतो. दार बंद होतं, तर अर्धा तास पायरीवर बसून राह्यला. राग आला असंन त्याले."

"दार का उघडलं नाही?"

"बसंतीबाईनं सांगितलं, लाईट नाई, रविवारी ये. झाडझूड तेच करते, चाबी तिच्यापाशी राह्यते. एक नायकापाशी आहे."

बबिता खाली वाकली. चित्रातला सूर्य डावीकडे वर होता. सातही गाईंच्या सावल्या उजवीकडे पडल्या होत्या, लांब, निळसर. आठवीला सावलीच नव्हती.

"जीवन, हे मोईनचं काम नाही."

"काहून?"

"इकबालभाई शिकवायला बसले की पहिला धडा सावलीचा. आधी सावली, मग वस्तू. मला तसंच शिकवलं, मोईनलाही. त्याने डोळे मिटून गाय काढली तरी तिला सावली पडेल."

जीवनने खांदे उडवले. बबिताने रुमालाचं टोक पाण्यात बुडवून गाईच्या खुरावर हलकेच फिरवलं. टोक पांढरं झालं. ऑइलपेंट पाण्याने निघत नाही. हा चुना होता, डिंक घालून कालवलेला. रंगाचं दुकान असणारा माणूस चुना कशाला वापरील?

"नायक," तिने विचारलं, "या गाईच्या जागी आधी काय होतं?"

रूपसिंगने डोळे मिटले. "काहीतरी व्हतं. बारकंसं. पांढरं." त्याने पुन्हा आठवून पाहिलं. "मी तर गाईच मोजत होतो, बाई."

उद्घाटनाचा एक फोटो ऑफिसात होता. त्यात सगळं चित्र दिसत होतं, तेवढा डावा कोपरा सोडून. त्या कोपऱ्यासमोर नायकाचं पागोटं आलं होतं. वीस वर्षं अख्खा तांडा या चित्रासमोर बसला, आणि त्या कोपऱ्यात काय होतं हे एकालाही सांगता येईना. अर्थ सांगणारीलाही नाही.

३

मोईनचं दुकान दारव्ह्याला बसस्टँडजवळ होतं. बापाच्या वेळी तिथे पाट्या रंगायच्या, आता फ्लेक्स छापले जात. सोमवारी सकाळी बबिता गेली तेव्हा तो रिकामाच बसला होता.

"आपा, तुम्हीबी तेच विचाराले आल्या का?"

"मी तुझ्यावर आळ घ्यायला आले नाही. अब्बांनी त्या चित्राचा कच्चा आराखडा केला असेल ना? ते केल्याशिवाय ते मोठ्या कामाला हात घालत नसत."

मोईनने मान हलवली. "मले तर कधी दाखवलं नाई. अम्मीपाशी त्याइची पेटी आहे."

मोईनची अम्मी जैनबबी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागच्या सुतकाच्या मुदतीत होत्या, घराबाहेर पडत नव्हत्या. त्यांनी बबिताला आतल्या खोलीत जवळ बसवून घेतलं. पेटी उघडायला मात्र तयार होईनात.

"बेटी, एक बात सांगू का? मोईनलेबी नाई सांगतली." त्यांचा आवाज उतरला. "शेवटच्या दिवशी ते सारखं एकच म्हणून राह्यले. 'हर्फ पुरा केला मी, जैनब. पुरा करायले नव्हता पायजे.' मी म्हटलं, कोणतं हर्फ? तर रडाले लागले. हर्फ म्हणजे अक्षर ना? पाट्या रंगवणारा माणूस अक्षर पुरं करणारच. त्यात रडाचं काय?"

जैनबबींनी मग स्वतःच पेटी पुढे सरकवली.

तळाशी चौकोन आखलेला एक जाड कागद होता, चार घड्या घातलेला. तेच गायरान, तेच लाडवांसारखे डोंगर, सगळं पेन्सिलीने. कुठे कोणता रंग भरायचा हे बारीक अक्षरात लिहिलेलं. बबिताने डावा कोपरा उघडला.

तिथे गाय नव्हती. तिथे एक पांढरी भिंत होती. भिंतीवर 'सुधारित कप' एवढीच अक्षरं. आणि भिंतीकडे तोंड करून, नदीकडे पाठ करून, एक माणूस उभा होता. त्याच्या हातात ब्रश होता.

४

कागद घरी आणून तिने जमिनीवर पसरला. इकबालभाई सांगायचे, "चित्र पाहाचं असलं ना बेटा, तर पहले जनावराइच्या नजरा पाय. माणूस भलतीकडं पायते, जनावर नाई." तिने शिवणाचा दोरा घेतला आणि एकेका गाईच्या नजरेपासून तो ताणत नेला. चरणारी गाय खाली पाहते. या सातांपैकी एकही चरत नव्हती. सातही माना वर, आणि सातही दोरे नदीतल्या त्या एका ठिपक्यावर येऊन मिळाले.

गुराखी नाचत नव्हता. तो ओरडत होता. त्याचा वर गेलेला हात ठिपक्याकडे नव्हता, भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे होता. सगळ्या चित्रात पाठ फिरवलेला असा तो एकटाच.

आणि कमळ? वाहत्या नदीत कमळ कधी फुलतं का? पाचवीतल्या पोरानेही तिला हे विचारलं असतं. पेन्सिलीने त्या ठिपक्यापाशी लिहिलं होतं, 'लाल. फेटिया.'

फेटिया म्हणजे तांड्यातल्या बायकापोरींचा घागरा.

बबिता भिंतीला टेकून बसली. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या आषाढात बसंतीबाईची नऊ वर्षांची बिजली गाईंमागे नदीत उतरली आणि वाहून गेली. बबिता तेव्हा ढाणकीला नोकरीवर होती, तिने नंतर ऐकलं. पोरीचा बाप किसनसिंग तिथेच गाई राखत होता, पण झाडाखाली झोपला होता म्हणे. पंचायतीत सगळ्यांसमोर बायकोने त्याला पोरगी खाल्ली म्हटलं. महिन्याभरात तो तांडा सोडून वणीकडे निघून गेला. पुन्हा कधी आला नाही.

तिने नायकाला फोन लावला.

"नायक, बिजली गेली त्या दिवशी नदीवर अजून कोण होतं?"

"कोणी नाई. इकबाल पंपघराच्या भिंतीवर कपाशीच्या बियाण्याची जाहिरात लिहून राह्यलता, पण त्या वक्ताले तो गावात जेवायले गेलता. पंचायतीत त्यानं तसंच सांगतलं. तो असता तर पोरगी वाचली असती."

"ती जाहिरात पुढे पुरी झाली?"

"नाई झाली. अर्धीच राह्यली. मंग पंपघरच पडलं." आणि मग म्हातारा हळूच म्हणाला, "काहून विचारून राह्यली?"

बबिताने फोन ठेवला. इकबालभाई जेवायला गेले नव्हते. ते भिंतीपाशी होते, हे त्यांनी स्वतःच आठ फुटी चित्रात काढून भर सभेच्या भिंतीवर टांगलं होतं. कुणीतरी वाचेल म्हणून. वाचायला तिला बोलावलं होतं. आणि ती कमळ म्हणाली होती.

राहिला प्रश्न आठव्या गाईचा. ज्याने ती काढली, त्याने ते चित्र तिच्या आधी आणि तिच्यापेक्षा नीट वाचलं होतं. तिने फोनमधला गाईचा फोटो मोठा केला. बाहेरची रेघ सलग नव्हती. बारीक बारीक तुकडे, प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या थोडा मागून सुरू झालेला. डोळा म्हणजे एक गोल, आणि त्याच्याभोवती दातेरी कड. ब्रश धरणारा माणूस असा डोळा काढत नाही. पण कापडावर आरसा बसवताना सुई नेमकी अशीच फिरते. आणि ती रेघ म्हणजे उलटी टीप होती.

तांड्यात हाताने कशिदा काढणारी एकच बाई उरली होती.

५

बसंतीबाई ओट्यावर बसून पिशवीला कवड्या लावत होती. बबिताला पाहून तिने सुई कापडात टोचून ठेवली.

"ये. मले वाटलंच तू येशीन."

"याडी," बबिता म्हणाली. तांड्यात आईला, आईच्या वयाच्या बाईला याडी म्हणतात. पुढचं वाक्य तिने वाटेत दहा वेळा जुळवलं होतं, तरी आता सापडेना. तिने नुसता आराखड्याचा कागद उघडून पुढे ठेवला.

बसंतीबाईने भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवलं. "ह्याले झाकलं मी."

"तुला कधी कळलं?"

"तू भाषण दिलं ना, त्याच दिवशी. सारे जेवायले गेले. मी एकटी उभी राह्यली चित्रापाशी. तू कमळ म्हटलं, अन् मले तर माह्या पोरीचा फेटिया दिसून राह्यला. मीच शिवला व्हता तो. मांगं वळून पायलं तर इकबाल दारात उभा." बोलताना ती पुन्हा तिथे जाऊन पोहोचल्यासारखी दिसली. "मंग त्यानं सारं सांगतलं. म्हणे, पोरीनं हाक मारली ते मले ऐकू आली व्हती, बाई. 'काका' म्हणून. मी 'प' काढत होतो. अर्धा सोडला असता तर रंग ओघळला असता. म्हटलं, पोट्टी खेळत असंन. 'प' पुरा केला अन् मंग वळलो. तवा पाणी रिकामं व्हतं."

ओट्याखाली कोंबडी पिलं घेऊन खुडखुडत होती. बबिताने कागदाची घडी करायला घेतली आणि तशीच सोडून दिली.

"म्हणे, पंचायतीत मी घाबरलो. मुसलमान माणूस, परगावचा, पोरगी तुमची. खोटं बोललो. आता तू सांग लोकाइले, मी ऐकून घेतो. जे म्हणतीन ते."

"मग तू का नाही सांगितलंस?"

बसंतीबाईने सुई पुन्हा हातात घेतली.

"कारण त्याच पंचायतीत मी माह्या नवऱ्याले बोलली व्हती. पोरगी खाल्ली म्हटलं. तो काई बोलला नाई, मान खाली घालून उभा राह्यला. इकबालचं सांगतलं असतं तर लोकं म्हणले असते, मंग किसनसिंगले कायले हाकललं? मले माह्या तोंडचं परत घ्या लागलं असतं. नाई जमलं मले. आज सांगू, उद्या सांगू, वीस वर्षं गेले."

"आणि इकबालभाई?"

"दर दिवाळीले यायचा चित्र पुसाले. मी उंबऱ्यावर बसून राहो. तो पुसे अन् माह्याकडं पाहे. मी माफ केलं म्हणो, नाईतर शिव्या देवो, कायतरी बोलाव म्हणून वाट पाहे. मी एकडावबी बोलली नाई. पाणीबी विचारलं नाई त्याले." तिने पदराने तोंड पुसलं. "तो मेला ते ऐकलं, अन् वाटलं, आता कोणाले बोलू?"

"म्हणून झाकलंस?"

"मोईन म्हणे, फोटो काढून मोठा फलक करतो, चौकात लावतो, अब्बाचं नाव होईन. चौकात कोणीतरी वळखलंच असतं. जित्तेपणी त्याले एक शब्द देल्ला नाई मी. म्हटलं, मेल्यावर तरी झाकून घेऊ. मले येते तशी गाय काढली." तिने पिशवी बाजूला सारली. "तर आळ त्याच्याच पोरावर आला. माह्या हातानं काई सरळ होतच नाई, बबिता."

बबिताला तिची समजूत घालावीशी वाटली. पण स्वतःचं काय? एक बाई बोलली नव्हती, आणि दुसरी छडी घेऊन अर्धा तास चुकीचं बोलली होती. दोघींमध्ये कुणी कमी दोषी होतं, असं तिला म्हणवेना.

"उद्या मंगळवार," ती एवढंच म्हणाली. "जीवन ठाण्यात जाईल."

बसंतीबाई उठली. तिने कोनाड्यातली भवनाची किल्ली काढून कनवटीला खोचली. "सकाळी साऱ्याइले बोलाव. मोईनलेबी."

६

सकाळी भवनात तीस-चाळीस माणसं जमली. मोईन दाराजवळच उभा राहिला. बसंतीबाई पाण्याची बादली आणि फडकं घेऊन आली आणि कुणाशी न बोलता तिने गाय पुसायला घेतली. चुन्याचे ओघळ खाली उतरले. आधी भिंत दिसली, मग अक्षरं, मग पाठमोरा माणूस. पुसता पुसता तिने सगळं सांगितलं, इकबालचं आणि स्वतःचंही. स्वतःचं सांगताना ती लोकांकडे वळली.

तिचं झालं, तिने फडकं बादलीत टाकलं. बबिता पुढे झाली, तिने आपल्या भाषणाची चौकट खिळ्यावरून उतरवली आणि म्हणाली, "मी जे सांगितलं ते चूक होतं. मी नीट पाहिलं नव्हतं." शाळेत पस्तीस वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं.

जीवन खाली पाहत मोईनपाशी गेला. "भाऊ, माहं चुकलं." मोईनने मान हलवली, पण त्याचं लक्ष चित्राकडे होतं. तो बापाच्या पाठीकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारलं, "याडी, हे झाकाचं का? तुम्ही म्हणसान तसं. मी नीट झाकून देतो, कोणाले समजणार नाई."

"राहू दे उघडं," बसंतीबाई म्हणाली. "त्यानं उघडंच ठेवलं व्हतं."

रूपसिंग नायकाने त्या दिवशी वणीला दोन-तीन फोन केले. किसनसिंगचा ठावठिकाणा लागला. गुरुवारी पहाटेच्या गाडीने बबिता आणि बसंतीबाई निघाल्या.

वणीला गावाबाहेर कोळशाचे ट्रक उभे राहतात, तिथे तो चौकीदार होता. पत्र्याच्या खोलीबाहेर बाज टाकून बसलेला. अंगावरचा सदरा कधीकाळी पांढरा असावा, कोळशाच्या धुळीने राखाडी झाला होता. बायकोला त्याने लगेच ओळखलं. उठला नाही, बसही म्हणाला नाही.

बसंतीबाई उभ्यानेच बोलली. इकबाल, हाक, ते अक्षर, चित्र. "मले वीस वर्षांपासून माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुमच्यावर उगाच टाकलं मी."

बबिताने फोनमधलं चित्र त्याच्यापुढे धरलं. किसनसिंगने ते डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. कोपऱ्यातल्या माणसाकडे नाही, झाडाखालच्या गुराख्याकडे.

"हा मी?"

"हो, काका."

"हा तर उठला. हाक मारून राह्यला." त्याने फोन बाजेवर उलटा ठेवला. "मी उठलो नाई, बाई. मी झोपलोच होतो. गाई हंबरल्या तवा जाग आली, तवा पोरगी गेलती. बसंती खरंच बोलली व्हती त्या दिवशी." त्याने तळव्याने तोंडावरून हात फिरवला. "इकबालनं मले उठवून देल्लं इथं. काहून उठवलं असंन त्यानं?"

बबिताने फोन उचलून घेतला.

"कसा आहे तो?" त्याने विचारलं.

"गेला," बसंतीबाई म्हणाली. "दोन महिने होतीन."

किसनसिंगने ट्रकांकडे पाहिलं. मग बाजेच्या एका कडेला सरकला. बसंतीबाई दुसऱ्या कडेला टेकली. कधी खोकत, कधी थांबत, ती दोघं बिजलीबद्दल बोलू लागली. अठ्ठावीस वर्षांत दोघांना तिचं नाव घ्यायला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, आणि एकमेकांपाशी जाता आलं नव्हतं. बबिता उठून रस्त्यावर आली.

बसंतीबाई संध्याकाळच्या गाडीने परतली नाही. म्हणाली, दोन रोज राहते. मग दोन रोजांचं काय झालं ते तांड्याला अजून ठाऊक नाही.

यवतमाळच्या गाडीत बबिताला खिडकीची जागा मिळाली. दोन्हीकडे पऱ्हाटी उभी होती, बोंडं फुटायला अजून अवकाश होता. ती डोळे मिटून उद्घाटनाचा दिवस आठवू लागली. टाळ्या संपल्या होत्या, लोक जेवायला उठत होते. इकबालभाई एकदम मागे, खांबाला टेकून उभे होते. ती हातातली छडी तशीच घेऊन त्यांच्याकडे धावत गेली होती. चाळिशीची बाई, पण दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या पोरीसारखीच विचारती झाली होती, "बरोबर सांगितलं ना, भाई?"

ते तिच्याकडे पाहत राहिले होते. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तू सांगतलं तेबी बरोबर आहे, बेटा."

तेबी. त्यातल्या 'बी' या एका अक्षरापाशी थांबून तिने विचारायला हवं होतं, अजून काय आहे, भाई? ती थांबली नव्हती. पंगतीत बोलावणं आलं म्हणून हसत हसत निघून गेली होती.